तेरा पिशव्या वाळू

दि. ४ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्राचं कारण आधीच सांगून टाकते, म्हणजे आई पुढचं वाचून होईपर्यंत घाबरायची नाही. माझा घोटा मोडलाय. नदीत नाही, डोंगरात नाही, ऑफिसच्या जिन्यात. पंधरा वर्षं शेवाळलेल्या दगडांवरून उड्या मारत हिंडले तेव्हा काही झालं नाही आणि नव्या कोऱ्या फरशीने घात केला. प्लास्टर गुडघ्यापर्यंत आहे, सहा आठवडे घरीच बसायचं आहे. शेजारची नर्स दोन वेळा डोकावून जाते, तेव्हा आईने बोचकं बांधून निघायचं नाही. असं तिला माझ्या नावाने दटावून सांगा.

आता तुमच्याकडे काम काढलंय. आपल्या नदीची वाळू तपासायची असं आमच्या खात्याने या मोसमात ठरवलं. वरच्या डोंगरातला ग्रॅनाइट कुजतो, त्यातून कथिलाचे काळे दाणे सुटतात आणि पाण्याबरोबर खाली येतात, हे चाळीस वर्षं परात फिरवून कथील काढलेल्या माणसाला मी शिकवायला गेले तर तो माझा कान उपटेल. पण एक गोष्ट तुम्हाला नवी आहे. कथिलाच्या दाण्यांबरोबर परातीत मधाच्या रंगाचे जे पिवळट दाणे उरायचे आणि तुम्ही वैतागून वेचून फेकायचात, त्यांचा भाव आता वधारलाय. त्यांत दुर्मिळ मृदा नावाच्या गटातली मूलद्रव्यं असतात. रंगीत टीव्हीतला लाल रंग दिसतो तो याच गटातल्या एकाच्या जिवावर. म्हणजे तुम्ही आयुष्यभर काय काय फेकून दिलंत त्याचा विचार करत बसा.

मोसम संपत आलाय, माझा माणूस दुसऱ्या नदीवर अडकलाय आणि मला हलता येत नाही. तेव्हा वाळू तुम्ही भराल का? आपल्या वळणापासून वर मोठ्या खडकापर्यंत तेरा जागा. वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी मंदावतं तिथे. खडकांच्या पाठीमागे. ओढा येऊन मिळतो त्याच्या जरा खाली. हातभर खोल खणा. पिशव्या कापडी हव्यात, प्रत्येकी दोन किलो, तोंडाला दोन गाठी. एक चिठ्ठी आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलीने, कारण शाई ओलाव्याने पसरते. खात्याच्या ट्रकवाल्याकडे द्या, तो थेट प्रयोगशाळेत पोचवील.

नियमाप्रमाणे वाळू माझ्यासमोर भरली गेली पाहिजे. तशी सही मी करून टाकीन. तुमच्यासमोर भरली काय आणि माझ्यासमोर भरली काय, एकच.

पाठ दुखली तर मला शिव्या द्या, पण लोभ कमी करू नका.

तुमची,
गारगोटी

*

दि. १ मार्च

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

पायाचं वाचून तुझ्या आईने दोन दिवस मला जबाबदार धरलं. का, तर लहानपणी तुला दगडांचा नाद मी लावला. मी म्हटलं, बाई, जिना मी बांधलेला नाही. तरी तिने तुझ्यासाठी लोकरीचा एकच मोजा विणायला घेतलाय. एकच का, तर दुसऱ्या पायाला प्लास्टर आहे म्हणे. तिच्या तर्काला उत्तर नाही.

तुझ्या तेराही पिशव्या आज ट्रकवाल्याच्या ताब्यात दिल्या. दोन-दोन किलो, काट्यावर तोलून. दोन गाठी, दोन चिठ्ठ्या, पेन्सिलीने. एकोणीस दिवस लागले. हसू नकोस. कंबर पूर्वीची राहिली नाही, पण हात काही विसरलेले नाहीत हे पाहून माझं मलाच बरं वाटलं. धाकटा दोन रविवार पाट्या वाहायला आला आणि दोन्ही वेळा वायरिंगचं काम निघालं म्हणून दुपारी सटकला. तिसऱ्या दिवशी तुझ्या आईने विचारलं, की या वयात डोकं फिरलंय का. मी सांगितलं, लेकीच्या ऑफिसात बापाच्या हातचा माल जातोय, तिथे कचरा पाठवायचा नाही.

तुझे ते मधाच्या रंगाचे दाणे या वेळी फेकले नाहीत. एकेक जपून ठेवला. चाळीस वर्षं शिव्या दिल्या त्यांना, आता माफी मागायला हवी.

आई म्हणते, प्लास्टर निघाल्यावर इकडेच ये. मागच्या दारात बसून नदीत पाय सोडले की तुझा घोटा आठ दिवसांत बरा होईल. मीही तेच म्हणतो, फक्त ती म्हणाली म्हणून म्हणत नाही.

आशीर्वाद तर तुझ्या वाट्याचे रोजच निघतात, आज पत्रातून पाठवले इतकंच.

तुझे,
बाबा

*

दि. २२ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

आईला जवळ बसवून हे पत्र मोठ्याने वाचा.

तुमच्या पिशव्यांचे आकडे आले. साहेबांनी माझ्या घरी येऊन कागद पाहिला, चष्मा पुसला आणि परत पाहिला. कथील भरपूर, आणि दुर्मिळ मृदा तर इतकी की आजवर आमच्या कुठल्याच नदीत सापडली नव्हती. माझा विश्वास बसेना. त्याच पिशव्यांतली वाळू पुन्हा काढून दोनदा तपासायला लावली. तेच आकडे!

प्लास्टर निघालं तरी पाय टेकवत नाही, म्हणून मी अजून घरूनच काम करते आहे, पिशव्या पाहायलाही गेले नाही, पण नकाशा समोर ठेवून विचार केला तेव्हा सगळं जुळलं. आपलं वळण किती आवळ आहे. पाणी डोंगरातून धावत येतं आणि तिथे एकदम मंदावतं. हलकी पांढरी वाळू पुढे वाहून जाते, जड दाणे जागीच बसतात. तळाचा खडकही आडव्या पायऱ्यांचा, प्रत्येक पायरीच्या फटीत थोडं थोडं अडकत राहतं. पूर आला की वरचं सगळं ढवळून निघतं, हलकं जातं, जड आणखी खाली रुततं. असे हजारो पूर. साहेबांना मी म्हटलं, माझ्या बाबांनी चाळीस वर्षं परात फिरवली, ही नदी चाळीस हजार वर्षं फिरवते आहे. त्यांनी ते वाक्य अहवालात घालायचं म्हणून लिहून घेतलं.

खड्डे घेऊन एकदा खात्री करावी असं मी लिहिलंय. पण वरच्यांना घाई झाली आहे, बाहेर मागणी फार आहे म्हणतात. मला विभागप्रमुख करणार आहेत. कुबडी घेऊन खुर्चीवर बसणारी पहिलीच विभागप्रमुख असेन.

बाबा, सगळ्यांना सांगते आहे की वाळू तुमच्या हातची होती. म्हणजे ऑफिस सोडून सगळ्यांना.

तुमच्या मायेच्या भरवशावरच मोठी झाले, ती अशीच मिळत राहो.

तुमची,
गारगोटी

*

दि. १० नोव्हेंबर

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

वळणावरच्या एकतीस घरांना कागद आले. खाणकामासाठी महिनाअखेर घरं सोडायची, त्या बदल्यात बसडेपोमागच्या नव्या इमारतीत दोन-दोन खोल्या. आम्हाला तिसरा मजला. नळ घरात, दिवे घरात, भिंती गुळगुळीत. लोक रस्त्यात थांबवून माझा हात हातात घेतात, म्हणतात तुमच्या मुलीने नदीचं नशीब काढलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, खोटं कशाला बोलू.

पण तुझी आई अडून बसली आहे. नदीचा आवाज नसला तर तिला शिवणयंत्रावर बसल्यासारखं वाटणार नाही म्हणे. तिचे गुडघे आणि तीन जिने, हेही आहेच. परवा तिने मला हळूच विचारलं, की पोरीची काही चूक तर झाली नसेल ना. मी तिच्यावर ओरडलो. आपली मुलगी तीन-तीनदा तपासणारी आहे, पुन्हा असं तोंडातून काढायचं नाही, म्हटलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सत्तेचाळीस वर्षांत मी तिच्यावर असा ओरडलो नव्हतो. मनाला लागून राहिलंय. तू तिला दोन ओळी लिही. माझं ऐकणार नाही, तुझं ऐकेल.

तुझ्या दोन ओळींची आम्ही दोघंही वाट पाहतो. आशीर्वाद आहेतच.

तुझे,
बाबा

*

दि. १७ नोव्हेंबर

ती. आईस,
सा. न. वि. वि.

(धाकट्या, हे तिला सावकाश वाचून दाखव, बातम्या वाचल्यासारखं नको.)

आई, बाबांवर रुसू नकोस. मलाही ते घर सोडवत नाही. मागच्या दाराची पायरी, तिथली तुझी बादली, सगळं डोळ्यांपुढे आहे. पण आकडे खरे आहेत. नदीखाली जे आहे ते खरंच आहे. मी सांगते म्हणून जा. तिसऱ्या मजल्यावर वारा चांगला येईल, यंत्र खिडकीशी ठेव. गुडघ्यांना त्रास झाला तर मी येऊन तुला माझ्याकडे घेऊन जाईन.

माझ्यावर विश्वास आहे ना? मग बाबांशी बोल.

तुझ्या कुशीतली जागा मोकळी ठेव, सुट्टीत येते.

तुझी,
गारगोटी

*

दि. ३ जुलै

ती. ताईस,
सा. न.

आईचे दिवस करून तू गेल्यापासून पंधरा दिवस झाले. घर शांत आहे. दोन खोल्यांत दोन माणसं आणि एक यंत्र, त्यावर चादर टाकली आहे.

तू होतीस तेव्हा सगळ्यांसमोर बोललो नाही. आई जानेवारीनंतर खाली उतरलीच नव्हती. आधी म्हणायची उद्या उतरीन, मग म्हणेना. खिडकीशी खुर्ची ठेवली होती, पण समोर डेपोची भिंत. शिवायला घेतलेलं कापड तसंच मांडीवर असायचं. मे महिन्यात कफ झाला. डॉक्टर म्हणाले हिंडतं-फिरतं माणूस असतं तर छाती मोकळी झाली असती. बाबांनी ते ऐकलं. तेव्हापासून ते एकच बोलतात, तिला मी इथे आणलं.

तू बोलावलं होतंस, ती आली नाही. तिला वाटायचं आणखी लांब गेलो तर परतीची वाटच राहणार नाही. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही, ताई. खरं आहे म्हणून लिहितो.

वळण ओळखू येत नाही आता. काठ खरवडून काढलाय, आपल्या मागच्या दाराच्या जागी पाणी भरलेला खड्डा आहे. यंत्रं दिवसभर धडधडतात. मुकादम वैतागलेला असतो, माल निघत नाही म्हणतो. तुला काही कळलंय का?

पाय सांभाळ. आठवण ठेव आमची.

तुझा,
धाकटा

*

दि. १५ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. आ.

वायरमनसाहेब म्हणून चिडवायची सवय आहे, पण आज हात वळत नाही.

कळलंय. आठ महिने खणून जे निघालं ते माझ्या आकड्यांच्या दहावा हिस्साही नाही. काम बंद करणार आहेत. चौकशी लागली आहे आणि मला खुर्चीवरून उठवून भांडारात बसवलंय. ते जाऊ दे. मी रोज तेच कागद समोर घेऊन बसते. नदी मला कळते असं मला वाटत होतं. वळण तसंच आहे, खडक तसाच आहे, दाणे असायलाच हवेत, आणि ते नाहीत. म्हणजे आहेत, पण साधारण कुठल्याही नदीत असतात तेवढेच.

प्रयोगशाळेचं चुकलं नाही. मग पिशव्यांत काय होतं? तू दोन रविवार बाबांबरोबर होतास. कुठे खणलं, किती खोल, पिशवीत भरेपर्यंत काय काय केलं, आठवेल ते सगळं लिही. क्षुल्लक वाटलं तरी लिही. बाबांना विचारू नकोस. त्यांना आधीच पुरे आहे.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून आहे.

ताई

*

दि. २४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

जागा तू सांगितल्या त्याच. बाबांनी काठीने मोजून खुणा केल्या होत्या. हातभर खणायचो, मी पाट्या भरून पाण्याशी आणायचो आणि बाबा परातीत घेऊन धुवायचे. पांढरं सगळं वाहू द्यायचे, काळं आणि पिवळं ठेवायचे. दहा पराती धुतल्या की एक परात उरायची, ती वाळवून पिशवीत. म्हणून तर एकोणीस दिवस लागले. दोन किलो भरायला किती वाळू वाहिली विचार माझ्या खांद्यांना.

मी एकदा म्हटलं होतं, एवढं कशाला, तशीच भरू. तर म्हणाले, तशी वाळू कुणी पाठवतं का, गाळासकट? लेकीच्या साहेबांपुढे शोभा होईल. रोज घरी येऊन आईला हात दाखवायचे, बोटं पाण्याने पांढरी पडलेली. आई तेल लावून द्यायची.

यात काही चुकलं का? धुतलेलीच लागते ना तुम्हाला?

लवकर कळव. तुझ्या शब्दाला जीव लागलाय.

धाकटा

*

दि. १ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. आ.

नाही रे, धुतलेली लागत नाही. जशी नदीत असते तशीच लागते. मुठीत किती दाणे आहेत हे मोजायचं असतं, आणि बाबांनी दहा मुठींचे दाणे एका मुठीत घालून पाठवले.

पिशवी कसली हवी ते मी लिहिलं, गाठी किती ते लिहिलं, पेन्सिल लिहिली. धुवू नका, हे दोन शब्द लिहिले नाहीत. आमच्यात कुणी धुवतच नाही, म्हणून सुचलं नाही. आणि बाबांच्या हातात वाळू आली की ती धुवायची, हे मला जन्मापासून माहीत होतं. त्यांनी एकोणीस दिवस लिहिले होते. तेरा पिशव्या भरायला तीन दिवस पुरतात. मी ते वाचलं आणि म्हातारपण म्हणून हसले. खोटी सही तर माझीच.

मला आता रडायलाही जागा नाही. आई विचारत होती, पोरीची चूक तर नसेल. आणि मी तिला लिहिलं, माझ्यावर विश्वास आहे ना.

ऐक. बाबांना यातलं एक अक्षर कळता कामा नये. आईला त्या इमारतीत मी आणलं असं ते आधीच म्हणतात, पण ते म्हणणं आणि हे कळणं यांत फार अंतर आहे. ज्या परातीवर त्यांनी आपल्याला वाढवलं तिच्यामुळे आईचं घर गेलं, आई गेली, असं कळलं तर ते एक दिवस जगायचे नाहीत. आईच्या नावाने तुला शपथ घालते.

तुझी,
ताई

*

दि. ११ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न.

शपथ पाळीन. पण मला ते पटलेलं नाही हे लिहून ठेवतो. इमारतीतले लोक आता तुला काय काय बोलतात ते तू ऐकत नाहीस, मी ऐकतो. बाबा त्यांच्याशी भांडतात, माझी मुलगी चुकणारी नाही म्हणून. कालच पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याशी हातघाईवर आले होते. मी मध्ये उभा, तोंडात बोळा घातल्यासारखा.

त्यांनी स्वतःहून ओळखलं तर काय करायचं, तेवढं सांग. चाळीस वर्षं परात फिरवलेला माणूस आहे तो. त्याला हिशेब कळतो.

माया कमी करू नकोस.

धाकटा

*

दि. १२ ऑक्टोबर

चि. गारगोटीस,
अ. उ. आ.

मुकादम सामान आवरून निघाला. जाताना चहा प्यायला घरी आला होता. त्याच्याकडून मला पहिल्यांदा कळलं, की तुमच्या कागदावर आपल्या वळणाचा आकडा किती होता. मी तो पेन्सिलीने वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून घेतला.

आपल्या वळणात परातीमागे चिमूटभर कथील येतं. कधी त्याहून कमी, जास्त कधीच नाही. तुझं पत्र आलं होतं तेव्हा मला वाटलं, ते पिवळे दाणे धरून तुम्ही काही वेगळंच मोजत असाल, आमच्या अडाण्यांना काय कळतंय. पण मुकादम म्हणतो, कागदावर नुसतं कथीलच दसपट होतं. मी दहा पराती धुऊन एक उरवली होती.

तेव्हा एक विचारतो. आलेली वाळू धुतलेली आहे असं धरून तुम्ही मोजता, की आली तशीच मोजता? धुतल्याशिवाय पाठवायची असते हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. न निवडलेले तांदूळ कुणी चुलीवर ठेवतं का?

सरळ खरं लिही. माझ्यामुळे झालं असेल तर एकतीस दारांत जाऊन मी ते सांगेन, मला लाज नाही. पण तुझ्या आईला कुठे जाऊन सांगू? तिला हाताला धरून मीच त्या घरातून बाहेर काढलं. ती मागे वळून पाहत होती, मी म्हटलं, पाहू नकोस. एकोणीस दिवस तिने माझ्या बोटांना तेल लावलं, गारगोटी. कशासाठी लावत होती, ती बिचारी?

सहा दिवस झाले, डोळ्याला डोळा लागलेला नाही. उलट टपाली उत्तर पाठव.

तुझे,
बाबा

*

दि. १९ ऑक्टोबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मन घट्ट करून लिहिते आहे, तुम्हीही तसंच वाचा.

तुमच्या वाळूचा यात काही संबंध नाही. पिशव्या उघडल्याबरोबर आमच्या माणसाने ओळखलं की हा धुतलेला माल आहे. असा माल आम्हाला चालत नाही, म्हणून त्या तशाच बाजूला ठेवल्या. अहवालात गेली ती वाळू वेगळी. मोसमाच्या अगदी शेवटी आमच्याच माणसाने येऊन भरलेली, न धुतलेली. त्या आकड्यांत दशांशचिन्ह मी एक घर चुकवलं. घरी पाय उशीवर ठेवून बसले होते, विभागप्रमुख व्हायची घाई झाली होती. एक ठिपका.

तुम्हाला आठवेल, मी लिहिलं होतं की तुमच्या पिशव्यांचे आकडे आले आणि दोनदा तपासले. ते खरं नव्हतं. तुम्ही एवढी मेहनत केलीत, ती फुकट गेली असं कसं लिहू, म्हणून तुमच्या पिशव्यांचं नाव घेतलं. तपासलं तर एकदाही नव्हतं.

आईची शंका बरोबर होती. चूक पोरीचीच होती. तुम्ही कुणाच्या दारात जायचं कारण नाही, आणि रात्र जागवायचंही नाही. तुमचे हात स्वच्छ आहेत, बाबा. हे मी तुम्हाला कशावरही हात ठेवून सांगेन.

रागावलात तर रागवा. तरी थोडा लोभ उरला तर राहू द्या, एवढं मागते.

तुमची,
गारगोटी

*

दि. ९ नोव्हेंबर

चि. मुलीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण खोटं लिहिणारं माणूस या घरात एक पुरे. माझ्या हातून झालं नाही एवढंच डोक्यात शिरलं आणि मी खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो. मग पोटभर जेवलो. तुझी आई गेल्यापासून पहिल्यांदा.

राग दुसऱ्या दिवशी आला. चूक कुणाकडूनही होते, ती मी गिळली असती. पण तपासलं नसताना तपासलं म्हणून लिहिलंस. तुझ्या त्या शब्दावर मी तुझ्या आईवर ओरडलो. ती बरोबर होती आणि मी तिला दोन दिवस गप्प बसवलं. माझ्या पिशव्या कोपऱ्यात पडल्या होत्या आणि मी त्यांच्या बढाया मारत रस्त्याने हिंडत होतो. माझी मेहनत फुकट गेली असं लिहिलं असतंस तर काय झालं असतं? मी चार शिव्या दिल्या असत्या आणि विसरलो असतो.

मी एकतीस दारांत जाऊन आलो. चूक माझ्या मुलीची होती, तिने आकडा तपासला नव्हता, असं प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं. शिंप्याशी भांडलो होतो त्याची माफी मागितली. त्याची म्हातारी उठून आली, तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, यात तुमचा काय दोष. तुझा दोष नाही असं कुणीतरी मला म्हणावं, याची मी किती वाट पाहिली ते तुला कळायचं नाही.

आईला वर्ष होईल त्या दिवशी येऊ नकोस. नंतरही येऊ नकोस. मी हे लिहितोय आणि धाकटा समोर बसून हुंदके देतोय. काय झालं विचारलं तर काही सांगत नाही. बहिणीची माया आहे, असू दे, मी त्याला काही बोलणार नाही.

उलट पत्र पाठवू नकोस. आलं तरी मी फोडणार नाही.

तू विचारलं नाहीस तरी एवढं कळवतो, की मला आता झोप लागते. पडल्याबरोबर लागते, आणि जाग येते तेव्हा उजाडलेलं असतं.

बाबा